गोलच्या रेषेवरचा हात

मी हात लावला. बॉलला. फायनलमध्ये, गोलच्या रेषेवर उभा राहून, सगळी कंपनी बघत असताना, चांगले दोन्ही हात. आणि मी गोलकीपर नव्हतो. तुम्ही लिहून घ्यायलाय तर हे पहिल्यांदा लिहा, बाकीचं सगळं ह्याच्या मागनं आलंय.

मूळचा मी निपाणीकडचा. परशराम माझं नाव, इथं बेंगळुरात ते कुणाच्या तोंडात मावत नाही म्हणून परशू. आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कानडी, आणि भांडण लागलं की दोन्ही. फुटबॉल मी बेळगावात मामाकडं शिकलो, शिकलो म्हणजे काय, मामाची पोरं बॉल मारायची आणि मी तो गटारीतनं काढून धुऊन द्यायचो, पण होसकोटेच्या गोदामात नोकरीला लागल्यावर मी सांगून सोडलं की आपण बेळगावचे डिफेंडर. खात्री करायला कोण जाणाराय तिथवर.

गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवायचो. कंत्राटावर. आता कंत्राट म्हणजे काय सांगू तुम्हाला, काम तेच, घाम तोच, पण परमनंटवाल्यांचा शर्ट निळा आणि आमचा राखाडी. लांबनं माणूस दिसायच्या आधी शर्ट दिसतो. मला तो निळा शर्ट पाहिजे होता. बायको, सुरेखा, म्हणायची की राखाडीवर डाग तरी दिसत नाही, पण तिलाही पाहिजेच होता, दर दिवाळीला विचारायची, झालं काय हो ह्या वर्षी?

आमचे शिफ्टवर साहेब होते मूर्ती सर. गोदामाच्या टीमचे कोचही तेच, जन्मात बॉलला पाय लावला नसेल, पण शिट्टी गळ्यात. ते म्हणाले, परशू, कप आणा, तुझं नाव मी वर पाठवतो. झालं. मला तिथनं पुढं बॉल दिसेनासाच झाला, शर्ट दिसायला लागला.

फायनल ट्रान्सपोर्टवाल्यांशी. त्यांच्यात मंजुनाथ, आम्ही मंजू म्हणतो, लॉरी ड्रायव्हर, कोलारकडचा, धावला तर थांबायचं कसं ते त्यालाच कळत नसे. आम्ही एका गोलनं पुढं आणि मॅच संपत आलेली. मंजू आमच्या चौघांना चुकवून आला, कीपर आडवा पडलेला, आणि मी उजव्या खांबाला चिकटून उभा. त्यानं मारला. बॉल खांबाच्या बाजूनं आला, डोळे मिटले होते का उघडे ते आता देवालाच माहीत, पण हात गेले. बॉल लागला, खाली पडला, मी हात वरच धरून उभा, जसा काय बस थांबवायलोय.

पंच म्हणजे जवळच्या शाळेतले पीटीचे मास्तर. त्यांना लाल कार्ड सापडेना, खिशातनं पहिल्यांदा बसचा पास निघाला, मग पिवळं, मग लाल. मी बाहेर. मैदानाबाहेर जा म्हणजे कुंपणाच्याही बाहेर जा म्हणाले, गेलो. पेनल्टी मंजूनंच घेतली आणि मैदानामागच्या निलगिरीत घातली, बॉल हुडकायलाच माणसं पाठवावी लागली. शिट्टी झाली, आम्ही जिंकलो.

ट्रान्सपोर्टवाले ओरडायला लागले, मोसा, मोसा, म्हणजे फसवणूक. मूर्ती सर छाती काढून म्हणाले, ह्याला मोसा नाही, स्ट्रॅटेजी म्हणतात. सोमवारच्या मीटिंगला त्यांनी मला सगळ्यांपुढं उभं केलं, बघा म्हणाले, टीमसाठी लाल कार्ड घेणारा माणूस असा असतो. टाळ्या पडल्या. मी घरी जाऊन सुरेखाला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, हात लावलात ते काय गावभर सांगत सुटलाय? कपाबरोबरचा फोटो रिसेप्शनमध्ये लावलाय, मूर्ती सर मधोमध, कप त्यांच्या हातात. मी नाही त्यात, मी कुंपणाबाहेर होतो ना. कोपऱ्यात माझी पाण्याची बाटली दिसते तेवढी.

मग सॉसचं झालं. दसऱ्याच्या आधीची गर्दी, माल मावत नव्हता, मूर्ती सर म्हणाले वरच्या रॅकवर अजून एक थर चढव. मी म्हणालो सर, रॅक वाकायलाय, बघा की. ते म्हणाले स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, म्हणजे थोडं भागवून घे, एका रात्रीचा प्रश्न आहे. मी चढवला. रॅक आला खाली, टोमॅटो सॉसच्या बाटल्या, सगळ्या काचेच्या. कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार, पण लाल तळंच झालं बघा, त्यात मी बुटासकट उभा, आणि वास असा की भूक लागावी.

मूर्ती सरांनी मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात. म्हणाले, परशू, फायनल आठवते ना? तसंच एक लाल कार्ड घ्यायचं. माझं नाव आलं तर मी जाईन, मग तुझं नाव वर कोण पाठवणार? तू तुझी चूक म्हणून सांग, थोडे दिवस घरी बस, मी बोलावतो, येशील तो निळ्या शर्टातच. आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी खूश झालो हो. वरच्या साहेबांपुढं जाऊन अशा रुबाबात सांगितलं की माझी चूक, माझी एकट्याची, की त्यांनाच वाटलं असेल हा बक्षीस मागायला आलाय.

खेळात लाल कार्ड घेतलेला माणूस एक मॅच बसतो आणि परत येतो. मी बसलो ते बसलोच. पहिल्यांदा मूर्ती सर फोन उचलायचे, मग मीटिंगमध्ये आहे म्हणायचे, मग नुसतीच रिंग. गेटवर गेलो तर वॉचमन, माझ्याच डब्यातली थालीपिठं खाल्लेला माणूस, म्हणतो, अण्णा, आत तुमचं नाव नाही. मूर्ती सर तोवर बढती घेऊन दुसऱ्या गोदामाला गेले होते. तिथंही टीम असेल. तिथंही कुणीतरी बेळगावचा असेल.

आता मी व्हाइटफील्डला ऑफिसची कॅब चालवतो. ती लावून दिली मंजूनं, त्याच्या मेव्हण्याच्या गाड्या आहेत. होय, त्याच मंजूनं. परवा मागं दोन पुण्याची पोरं बसलेली, ट्रॅफिक तुंबलेला, आणि त्यांचं मराठीत भांडण चाललेलं, कुणा खेळाडूनं मुद्दाम जर्सी ओढून समोरच्याला पाडलं म्हणून. एक म्हणतो, यार ही प्युअर चीटिंग आहे. दुसरा म्हणतो, चीटिंग काय त्यात, कार्ड घेतलं ना त्यानं, स्मार्ट आहे तो. मग मला म्हणतो, भैया, एसी थोडा बढ़ाओ. मी एसी वाढवला आणि मराठीतच म्हणालो, कार्ड कुणासाठी घेतलं ते विचारा की आधी. दोघं उतरेपर्यंत मोबाइल बघत बसले.

पण डोक्यातनं जाईना. मी लपवलं काय? नाही. हात वर करून उभा होतो. नियमातच लिहिलंय, गोल हातानं अडवला तर लाल कार्ड आणि पेनल्टी. शिक्षा घेतली, मग फसवणूक कुठं? मूर्ती सरांनी केली ती फसवणूक, चूक त्यांची आणि कार्ड मला. हे मला पटलं, चांगलं पटलं. आणि मग मंजू आठवला. त्याच्या गोलचं काय? कार्ड मी घेतलं म्हणून त्याचा गोल काय परत आला? त्याचा तो आयुष्यातला एकच फायनलचा गोल, तो मी खाल्ला, आणि त्यानंच मला गाडी लावून दिली.

म्हणून काल होसकोटेच्या सर्कलला चहा प्यायला थांबलो तिथं मी त्याला म्हणालो, मंजू, तुझा गोल माझ्यामुळं गेला, मनात ठेवू नकोस. इतक्या दिवसांत कधी बोललो नाही, आज बोलतो. मला वाटलं मिठी मारेल. त्यानं चहावर फुंकर मारली, दुसऱ्यांदा मारली आणि हसायलाच लागला, इतका की चहावाल्यानं वळून बघितलं. म्हणतो, अण्णा, कसला गोल? तो बॉल बाहेर चालला होता. खांबाच्या हातभर बाहेरनं. पाय लागला तेव्हाच मला कळलं.

मी म्हणालो, मग बोलला का नाहीस रे तेव्हा?

कशाला बोलू, म्हणतो. सगळं ट्रान्सपोर्ट म्हणायलं होतं की मंजूचा गोल चोरला, आणि पेनल्टी झाडात गेली तरी मला कुणी शिवी दिली नाही ती त्याच्यामुळंच. पंचालाही गोलच वाटला, मग मी का तोंड उघडू?

मी चहाचे पैसे काढले. राखाडी गेला, निळा आला नाही, गाडी आहे, चाललंय. मंजूनं ग्लास खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, नुसतं उभं राहायचं होतं, अण्णा. तेवढंही तुला जमलं नाही.