गाडीची दाढ

…आणि वर मलाच म्हणते, ‘टॉर्च नीट धर.’ नीट म्हणजे कशी हो? मी गाडीखाली उताणा, पाठीला गार फरशी, नाकातोंडात गंजाचे पापुद्रे, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पान्हा, आता तिसरा हात काय भाड्याने आणू? पण हे ताईला कोण सांगणार?

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याच घरात राहते. दातांची डॉक्टर. तुम्हाला सांगतो, आमच्या भागात असं तोंड नाही ज्यात तिचा हात गेला नाही. मुख्याध्यापक असो की फौजदार, खुर्चीत बसला की तोंडात कापूस, नुसतं ‘अं अं’ करायचं आणि ती सांगेल ते ऐकायचं. माझं लहानपणापासून तसंच आहे, कापूस नसतानासुद्धा.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. थोडासाच… कपातला चहा हलेल इतपत. पण त्याच आठवड्यात तिने दवाखान्याचं शटर ओढलं. मी म्हटलं, अगं, कुणाच्या लक्षातही येत नाही. तर म्हणाली, ‘पेशंटच्या आधी माझ्या लक्षात आलंय, तेवढं पुरे.’ झालं. तेव्हापासून ती कप डाव्या हाताने उचलते आणि आम्ही नवराबायको ते न पाहिल्यासारखं करतो. बोलायचं तर कुणी? आणि काय?

राहता राहिली तिची जुनी गाडी. हिच्याच दवाखान्याच्या फेऱ्या करून म्हातारी झालेली. ती चढावर धापा टाकायला लागली, गचके द्यायला लागली, म्हणून आम्ही नेली मेकॅनिककडे. त्याला सगळे वस्ताद म्हणतात, आणि माणूस खरंच जाणकार. तो खाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, ‘डॉक्टर, पेट्रोलचा फिल्टर चोंदलाय. बदलायचा म्हटलं तर नट गंजून पाइपला धरून बसलाय. जोर लावला की पाइप तुटणार, आणि ह्या गाडीचा पाइप आता मिळत नाही. मी काही हात लावत नाही. मोडीत द्या.’

ताई म्हणाली, ‘एक दाढ अडकली म्हणून अख्खं माणूस मोडीत द्यायचं?’

नवा फिल्टर घेतला आणि गाडी घरी. गचके खात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणात गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलेली, आणि ताई दवाखान्यातला पांढरा कोट घालून उभी! मी म्हटलं, ताई, पेट्रोलचं काम आहे, आग लागली तर? तर हिने पंपाचा फ्यूज आधीच काढलेला, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू दिलेलं, बॅटरीची वायरही सुटी. म्हणाली, ‘आतला दाब उतरवल्याशिवाय हात घालायचा नसतो. सूज असताना दात काढतात का?’ आता मला काय माहीत? मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला.

मग त्या नटावर गंज सोडवायचं तेल सोडलं. म्हटलं, करू सुरुवात? ‘भूल चढू दे.’ तासाभराने विचारलं, आता? ‘चढू दे.’ दुपारी पुन्हा तेल, पुन्हा भूल. बायको खिडकीतून विचारते, ‘वन्सं, जेवण वाढू का?’ तर म्हणाली, ‘ऑपरेशन झाल्यावर.’ म्हणजे मीही उपाशी. का? मला कुठे भूल दिली होती? पण ताईला कोण सांगणार?

अखेर दोघं खाली शिरलो. रबरी नळी होती त्या बाजूने फिल्टर सुटला, हळूच पिळून. राहिला तो नट. मी एका पान्ह्याने फिल्टर धरायचा, म्हणजे पाइप पिळणार नाही, आणि ताईने दुसऱ्याने नट फिरवायचा. तिने पान्हा लावला… आणि तो नटावर वाजायला लागला. टकटक, टकटक. हाताचं थरथरणं हो. इतके दिवस जे आम्ही बघत नव्हतो ते आता कानावर पडत होतं. मी गुपचूप टॉर्च बाजूला वळवला.

‘उजेड इकडे,’ ती म्हणाली. ‘हात माझा आहे. हलतो ते मला माहीत आहे.’

मी म्हटलं, ताई, मी फिरवू का?

‘तू ओढशील. ओढलं की तुटतं. ह्याला हलवायचं असतं.’ मग स्वतःशीच म्हणाली, ‘हलतोय ना हात? हलू दे.’

आणि तुम्हाला सांगतो, तिने तो हात आवरायचं सोडून दिलं. तसाच थरथरू दिला, पान्ह्यासकट. नट किंचित आवळायचा, किंचित सोडायचा, आवळायचा, सोडायचा… लालसर भुकटी गळायला लागली, माझा खांदा भरून आला, तरी हिचं चालूच, आणि सवयीने नटालाच विचारते, ‘दुखतंय का? झालं हं, झालं.’

आणि ‘कट्’ वाजलं.

मी ओरडलो, तुटला पाइप. ताईने डोळे मिटले. ‘नाही. हा मुळातून सुटल्याचा आवाज आहे.’ आणि नट फिरला हो! पेट्रोल भळभळ खालच्या तसराळ्यात. मी घाबरलो तर म्हणते, ‘चूळ भरतोय तो, भरू दे.’

नवा फिल्टर मी दिला तो उलटा दिला. ‘बाण इंजिनाच्या दिशेला. दिशा शिकवायचास ना शाळेत?’ शिकवायचो. फिरवून दिला.

सांडलेलं पुसून काढलं, वास उडू दिला, फ्यूज बसवला, वायर जोडली, बायकोने किल्ली फिरवली. गाडी खोकली, पुन्हा खोकली, आणि लागली. ताईने जोडावर कागद फिरवून पाहिला. कोरडा. मग तिने पोळ्यांचा डबा मागितला, उजव्या हाताने एक पोळी गुंडाळली आणि उभ्या उभ्या खाल्ली. बायको डोळे पुसत आत गेली.

चढ एका दमात चढून आम्ही वस्तादकडे. तो खाली शिरला. बाहेर यायला त्याला वेळ लागला. ‘कुणी सोडवला?’

मीच म्हटलं, हिने. ह्याच हाताने. असा छाती काढून म्हटलं, जणू मीच सोडवला.

वस्ताद जरा घुटमळला. ‘डॉक्टर, असाच एक नट माझ्याकडे अडकून पडलाय. बघता?’

‘वेळ घेऊन या,’ ताई म्हणाली.

मी हसलो हो. अभिमानाने, अगदी तोंडभरून हसलो. ताईने माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, आणि म्हणाली, ‘ही मागची दाढ कधीपासून हलतेय?’

त्या दिवसापासून घरात मी तोंड मिटून आहे. नुसती मान हलवतो. बायको म्हणते, किती शांत झालात. म्हणून तर तुम्हाला गाठलं आणि एका दमात सगळं बोलून घेतलं… घरी कोण सांगणार?