अकराव्या कलमाला हरिहरपंत

नाही, पण मला सांगा, लाटसाहेबाच्या कायदे कौन्सिलात बघायला गेलेल्या माणसाने तोंड मिटून बसावं की नाही? बसावं ना? पण आमचे हरिहरपंत... कल्याणचे अर्जनवीस हो, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितात ते... त्यांना राहवलं नाही. तुम्हाला सांगतो, कौन्सिल म्हणजे कौन्सिल.

झालं असं, की नव्या कायद्यात अकरावं कलम आलं, रानातली टहाळी तोडायची नाही. आता टहाळी नाही तर शेतात राब भाजायचा, म्हणजे रोपाची जागा जाळून घ्यायची, ती कशाने, आणि राब भाजला नाही तर भाताचं रोप यायचं कसं? खडवलीच्या दगडूने गावाचा अर्ज आणला, सही येत नाही म्हणून प्रत्येक नावापुढे नांगराची निशाणी. पंतांनी तो इंग्रजीत उतरवला आणि मुंबईला जाऊन कौन्सिलातल्या एका रावसाहेबांच्या हातात दिला. रावसाहेब म्हणाले, "अकराव्या कलमाला मी विरोधाला उठतो. तुम्ही मागच्या बाकावर बसा, म्हणजे मला जरा धीर."

पंत बसले. आणि मग तो थाट... हिरव्या बनातीचं लांबलचक टेबल, साहेबांचे कोट, आपल्यांच्या पगड्या, एवढी माणसं असून पंख्याची दोरी कुरकुरलेली ऐकू येते, कुणी कुणाचा बाप काढत नाही... सांगा, आपल्या कल्याणात चार माणसं अशी कधी बसली? पहिलं कलम. लाटसाहेब विचारतात, "मान्य?" सगळे एका सुरात, "मान्य!" दुसरं कलम, "मान्य?" "मान्य!" पंतांचे डोळे भरून आले हो. कौन्सिल म्हणजे कौन्सिल.

आता देवळात कुणी "मंगलमूर्ती" म्हटलं की तुमचं-आमचं तोंड थांबतं का? आठव्या कलमाला पंतांचे ओठ हलले, दहाव्याला पुटपुटले, आणि अकराव्याला रावसाहेब कागद सावरत अर्धे उठतात न उठतात, तोच मागच्या बाकावरून खणखणीत, "मान्य!" चोपदाराने डोळे वटारले, पंतांना वाटलं कौतुकाने बघतोय.

रावसाहेबांनी वळून पाहिलं. खुद्द अर्ज आणणाराच मान्य म्हणतोय... बसले खाली. एकमताने मंजूर.

सभा उठल्यावर रावसाहेबांनी जिन्यात गाठलं. "अहो, तुमचं समाधान झालं होतं तर निरोप तरी धाडायचा. मी उगाच लाटसाहेबांच्या डोळ्यांवर आलो असतो." तेव्हा कुठे पंतांच्या ध्यानात आलं, आपण कशाला मान्य म्हणालो ते.

खडवलीला दगडू वाट बघत होता. "पंत, झाला का काम?" पंतांनी सगळं खरं सांगितलं, माणूस सरळ. दगडूने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बारावा कलम कसला व्हता?"

"टहाळी तोडताना सापडेल त्याचा कोयता जप्त."

"मंग त्याला तरी गप बसलात ना?"

पंतांनी मान खाली घातली. "नाही रे दगडू... त्याला तर लाटसाहेबांनी विचारायच्या आधीच म्हणालो."