खोतांचा पहिला मान

खोतकी होती ना, तेव्हाची गंमत ऐका. रेवसजवळच्या आमच्या गावात खोतांच्या घरची मोरी थेट गावच्या तळ्यात सुटायची. ती बंद करा म्हणून आम्ही पाचसहा जण मागे लागलो, तर खोत म्हणाले, "पाणी गंगेसारखं आहे!"

बरं, म्हटलं. पुढे ग्रहण आलं. ग्रहण सुटल्यावर न्हाल्याशिवाय जेवायचं नाही, आणि गावात पहिला मान खोतांचा. आम्ही त्यांना वाजतगाजत तळ्यावर आणलं. मागे सगळा गाव उपाशी.

"उतरा, खोतसाहेब!"

खोत नाक दाबून पायरीवरच उभे. शेवटी त्यांची बायकोच ओरडली, "अहो, उतरा की तुमच्या गंगेत! पोरं भुकेली आहेत."

खोत गरजले, "आधी ती मोरी बुजवा रे!"

आम्ही फावडं त्यांच्याच हातात दिलं. "पहिला मान तुमचा!"