पाच सुतांचा फूट

माझं नाव फिलोमिना, पण देवबागात मला सगळे फिलूबाई म्हणतात, कारण मी मालवणच्या शाळेत गणित आणि चित्रकला शिकवत असे, आणि शिक्षिकेला आमच्याकडे म्हातारपणीसुद्धा बाईच म्हणतात. जन्म मात्र माझा इथला नव्हे. माझे वडील, पपा, घाटावरच्या एका अरुंद रेल्वेवर ड्रायव्हर होते, तिथल्या चाळीत मी जन्मले. अरुंद म्हणजे किती, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमध्ये साडेपाच फुटांचं अंतर असतं, पपांच्या गाडीच्या रुळांमध्ये अडीच फूट. एवढ्याशा रुळांवर ते इंजिन डोंगराला वळसे घेत चढायचं, आणि वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवलेला असायचा, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. हे मला पपांनी मी चौथीत असताना दोन काठ्या आणि एक सुपारी घेऊन शिकवलं होतं. मी पुढे मुलांना भूमिती शिकवली ती त्याच पद्धतीने.

आता काय सांगू तुम्हाला, वाईट गोष्ट सांगायलाच हवी. पपांच्या इंजिनावर कोळसा टाकायला विठू होता. विठू आमच्या देवबागचाच, धोंडू मेस्तांचा धाकटा भाऊ. धोंडूकाका होड्या बांधायचे, खाडीच्या काठावर त्यांचा मांडव होता, आणि विठूला रेल्वेत चिकटवला होता तो पपांनीच, धोंडूकाकांना शब्द देऊन, की तुजो भाव तो माजो भाव. एका पावसाळ्यात, एका वळणावर, इंजिन रुळावरून उतरलं आणि कलंडलं. पपा बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. विठू खाली सापडला. चौकशी झाली, आणि चौकशीवाल्यांनी ठरवलं की ड्रायव्हरने गाडी वेगात घेतली. पपांची नोकरी गेली. आई तर आधीच गेली होती, म्हणून मी आणि पपा गाशा गुंडाळून देवबागला आलो, पपांच्या वाडवडिलांच्या घरात, जिथून धोंडूकाकांचं घर हाकेवर आहे. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, मध्ये वाळूची पट्टी. जायला वाट एकच. त्या एका वाटेवर रोज पपा आणि धोंडूकाका, दोन माणसं समोरासमोर यायची आणि एकमेकांना न बघता जायची. पपा घरी येऊन तेच वाक्य म्हणायचे, बाहेरचो रूळ खचलेलो गो बाय, माजी गाडी सावकाश होती. सकाळी तेच, जेवताना तेच. प्रार्थनेनंतर आमेन म्हणावं तसं. मी त्यावर विश्वास ठेवत होते, पण विश्वास आणि सिद्धता यांत फरक असतो, हे गणिताच्या बाईला कळतं.

अशी कित्येक वर्षं गेली. एकदा वर्गात मी प्रमाण शिकवत होते, मोठी वस्तू कागदावर लहान कशी काढायची ते, आणि माझ्या मनात आलं की ते वळणच लहान करून बांधलं तर. घरी येऊन पपांना म्हटलं. त्यांनी उठून माळ्यावरून माझ्या मावशीचा मोडका फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, काढला आणि म्हणाले, हेची चावी अजून चलता.

प्रमाण कसं ठरलं ते ऐका, कारण लोक मला अजून विचारतात. विलायती खेळण्यांच्या गाड्यांची मापं ठरलेली असतात, पण त्यांतलं एकही आमच्या उपयोगाचं नव्हतं. फोनोची स्प्रिंगची डबी इंजिनाच्या दोन पाणटाक्यांच्या मधोमध बसली पाहिजे, आणि ती तर लहान करता येणार नाही. मग इंजिन तिच्याभोवती बेतलं. सुताराच्या हिशेबात एका इंचाचे आठ सूत. मी मांडून पाहिलं, तर खऱ्या फुटाला पाच सूत धरले की डबी नीट बसते. म्हणजे अडीच फुटांच्या रुळांचं अंतर झालं साडेबारा सूत. जगात कोणी हे माप वापरत नसेल. लोहारसुद्धा हसला, म्हणाला, बाई, ह्या माप खंयच्या देशातला? मी म्हटलं, देवबागातला. पिंपांच्या पोलादी पट्ट्या उभ्या बसवून रूळ केले, चाकं पितळेची ओतून सावंतवाडीला कातून आणली. फोनोचा वेग आवरणारा भाग तसाच ठेवला, म्हणजे खुंटी फिरवून गाडी सावकाश किंवा जोरात सोडता येईल.

पण हे सगळं मांडायला मोठा पाट हवा होता, खाटेहून लांब, आणि तसा पाट जोडणारा माणूस गावात एकच.

मी गेले धोंडूकाकांकडे. ते होडीखाली बसून फटीत कापूस ठोशीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. शेवटी म्हणाले, ह्या खेळण्यान काय कळतला? मी म्हटलं, सावकाश गाडी त्या वळणावर पडते की नाही, ते कळेल. आणि नाय पडली तर? असं विचारून त्यांनी हातोडा खाली ठेवला. पाट मी करतंय, म्हणाले, पण गाडी सोडशात तेव्हा मी थय उभो ऱ्हवतलंय. आणि गाडी पार झाली तर तुज्या बापसान माज्या दारात येऊन सांगाक व्हया, विठू माज्या हातान मेलो म्हणान.

मी घरी येऊन ते जसंच्या तसं पपांना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला, पण म्हणाले, सांग त्याका, चलात.

वैशाखात पाट आमच्या पडवीत आला. फणसाच्या फळ्या, एकीला एक अशी भिडवलेली की मधून केस जायचा नाही. होडीचं काम तसंच असतं, फळी कोरडी असताना घट्ट बसवायची, मग पाण्यात ती फुगते आणि जोड आणखी घट्ट होतो. मी त्यांची वाहवा केली, मुलांना आणून दाखवला तो पाट. मग पपांना आठवत होतं तसं ते वळण मांडून, बाहेरच्या रुळाखाली लाकडाच्या चिपा घालून तो थोडा उंच ठेवून, रूळ बसवायला लागलो, तोवर पाऊस सुरू झाला. धोंडूकाका अधूनमधून यायचे, पण पपांशी बोलायचे नाहीत. दोघे पाटाच्या दोन बाजूंना, हातभर अंतरावर, आणि बोलणं माझ्याकडून. फिलू, तुज्या बापसाक सांग, खिळो वाकडो मारलो. फिलू, मेस्ताक सांग, मी खिळे मारी होतो तेव्हा तो नागडो फिरत होतो. फिलू, तुज्या बापसाक इचार, ह्या इंजिनात भात शिजतलो काय. मी मध्ये उभी, हसावं की रडावं कळत नसे.

श्रावणातल्या एका रविवारी, चर्चमधली मिसा आटोपून आल्यावर, गाडी सोडायचं ठरलं. धोंडूकाका धुतलेला सदरा घालून आले, जणू न्यायालयात आले. पपांनी खुंटी सर्वांत सावकाशवर ठेवली, चावी भरली, आणि मला म्हणाले, तू सोड, माजो हात नको. मी सोडली. गाडी सरळ भागावरून मुंगीसारखी गेली, वळणाला लागली, पुढच्या चाकाची कड रुळावर चढली, आणि इंजिन बाहेरच्या बाजूला कलंडलं.

पपा ओरडले, बघलंस? बघलंस मरे? धोंडूकाकांनी स्वतःच्या हाताने इंजिन उचललं, पुन्हा रुळावर ठेवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तिथेच पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. मग ते जमिनीवर बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून पपांचं नाव निघालं. इनास, म्हणाले, चल, आज माज्याकडे जेवाक ये. आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्या वाटेने गेले.

मी मागे राहिले. आनंद झाला होता, पण शाळेच्या सवयीने मी उत्तर ताडून बघायला लागले. सरळपट्टी घेतली आणि पाटावर आडवी ठेवली, तर पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसला. मी दुसरीकडे ठेवली, पुन्हा उजेड. वळणाच्या अगदी तोंडाशी दोन फळ्यांचा जोड पाठ काढून वर आला होता. होडी पाण्यात असते, तिच्या फळ्यांना फुगायला बाहेर जागा असते. आमचा पाट चौकटीत अडकवलेला. श्रावणाच्या दमट हवेत फळ्या फुगल्या, फट नाही म्हणून वर उचलल्या गेल्या, आणि आतला रूळ बाहेरच्यापेक्षा उंच झाला. घाटावरच्या वळणाने गाडी पाडलीच नव्हती. देवबागच्या हवेने पाडली होती.

धोंडूकाकांच्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. पपांचं हसणं मी विसरले होते. मी पट्टी भिंतीला टेकवली आणि मनात म्हटलं, कोणाला कळणार आहे. मग असंही आलं की उन्हाळ्यात पाट सुकेल, सपाट होईल, आणि कधीतरी कोणीतरी गाडी सोडेल. पण खरं सांगते, त्या भीतीने मी गेले नाही. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आलं तरी मी मुलांना गुण दिले नव्हते, मग घरात कसे देऊ.

मी गेले. दोघे पानावर बसले होते. मी सांगितलं. पपा इतके संतापले की पान सरकवून उठले, म्हणाले, तुका कोणी इचारलेला? मोठी मास्तरीण झाली! धोंडूकाका मात्र बराच वेळ भातात बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, म्हणजे माज्या हातान पडली. आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन आले. सगळे जोड सोडवले, कडा तासल्या, दोन फळ्यांमध्ये माडाच्या झावळीचा एकेक हीर, म्हणजे बारीक काडी, ठेवून तेवढी फट सोडली, आणि पाट पुन्हा बसवला. मी पट्टीने तपासून रूळ मांडले. ह्या वेळी माझ्याकडूनसुद्धा निरोप गेला नाही.

पुढच्या रविवारी गाडी सावकाश सोडली. पार गेली. पुन्हा सोडली, पुन्हा पार गेली. पपा खांबाला धरून उभे होते. मग ते खेकसले, बाहेरचो रूळ खचव, मी सांगतंय तसो खचव. मी बाहेरच्या रुळाखालच्या चिपा काढल्या. सावकाश सोडली, पडली. तेव्हा धोंडूकाका म्हणाले, आता चिपो परत घाल, आणि जोरात सोड. घातल्या, खुंटी फिरवली, सोडली. पडली.

मी दोघांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. माप लहान केलं तरी वजन आणि वेग त्याच हिशेबाने लहान होत नाहीत, म्हणून ह्यावर फार भार टाकू नका. पण हा पाट एवढंच सांगतो, की रूळ खचला असेल तर सावकाश गाडीही पडते, आणि रूळ नीट असेल तर वेगाची पडते. त्या दिवशी दोहोंतलं काय होतं, ते ह्याला माहीत नाही.

धोंडूकाका पाटाला वळसा घालून पपांच्या बाजूला गेले. मला निरोप दिला नाही. सरळ विचारलं, इनास, किती पळयत होतंस?

पपांनी तोंड उघडलं, आणि मला ते वाक्य आता येणार हे माहीत होतं, सावकाश होती. ते आलं नाही.  मग म्हणाले, इंजिनाक वेग दाखवचा घड्याळ नव्हता रे. मी कानान मोजी. रुळाचो सांधो लागलो की टक् वाजता, त्येच्यावरसून. त्या दिवशी पावस असो की माका काय आयकाक येऊक नाय. माका वाटला सावकाश आसा. माका ठावक नाय, धोंडू. रूळ खचललो ता मी मागसून बघलंय, गाडी पडल्यावर. आधी खचललो की इंजिनान खचयलो, ता पण माका ठावक नाय.

मला वाटलं आता धोंडूकाका म्हणतील, चल माझ्या दारात. ते तसं म्हणाले नाहीत. ते पाटाशी वाकले, इंजिनाच्या मागच्या उघड्या भागात डोळा लावला, आणि विचारलं, विठू खंय उभो ऱ्हवा? पपांनी करंगळी आत घातली. हय, म्हणाले, डाव्या अंगाक. फावडा घेऊन. गाणी म्हणी, मेलो, साफ बेसूर.

धोंडूकाका तिथे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हणाले, इतकी वरसां तू माका माजा नाय, माजा नाय, म्हणान सांगीत होतंस. ठावक नाय, ह्या आज सांगलंस. आधी सांगतंस तर मी आधी इलो असतंय.

त्या वर्षी पितृपक्षात धोंडूकाकांनी विठूचा म्हाळ घातला, आणि जेवायला पपांना बोलावलं. ख्रिस्तावाला म्हाळाला बोलावलं म्हणून वाडीत कुजबुज झाली. धोंडूकाका म्हणाले, त्या दिवशी इंजिनार विठूच्या वांगडा हो एकलोच होतो, मगे आणि कोणाक बोलवू?

आता दोघेही नाहीत. खरं काय झालं असं तुम्ही विचाराल, तर ते मला ह्या वयातही सांगता येत नाही, आणि आता सांगणारं कोणी उरलेलं नाही, तर तसंच राहू द्यावं. पण म्हाळाच्या दिवशी धोंडूकाकांची नातसून अजून केळीच्या पानाने झाकून माझ्यासाठी ताट आणते, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर. मी म्हणते, बाय गो, मी एकटी, एवढं कोण खाणार. ती म्हणते, होतला तेवढा खा, फिलूबाई, पण निवून जावच्या आधी खा. मग मी क्रूस काढते आणि दोन्ही घरांसाठी बरं मागते. तुम्ही इतका वेळ बसून ऐकलंत, तुमच्यासाठीही मागते.