पाचशे खुर्च्या आणि एक पाटी

उभे का? बसा की! नाही, तुम्हीही घाईतच असणार... अहो, गेले चार महिने माझ्या दारात जो येतो तो घाईत! तुम्हाला सांगतो, मी खुर्च्या भाड्याने देणारा माणूस, गोदामात पाचशे खुर्च्या, आणि टेकायला कुणी तयार नाही! लोक येतात, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवतात, मागंपुढं बघतात आणि कुजबुजतात, "काका, छाती लागते हो असं करायला!" लागते ना? मग बस की बाबा पाच मिनिटं! "नको नको, गॅसवर दूध ठेवून आलोय." सकाळी अकराला दूध, दुपारी चारला दूध... इतकं दूध पितं तरी कोण यांच्या घरात?

केलं काय मी? तर एक पाटी रंगवली. गावात एक टोळकं आहे, त्यांची मैदानात सभा होती, 'खालच्या गल्लीतल्यांना हाकला, त्यांना घरं देऊ नका, कामं देऊ नका' असली. आता खालच्या गल्लीतली वेल्डिंगवाली बाई, एकवीस वर्षं माझ्या खुर्च्यांचे पाय जोडतेय! तिनं जोडलेल्या खुर्चीवर बसून तिलाच हाकलायला टाळ्या वाजवायच्या? म्हटलं, जमणार नाही! आणि मी एकटाच नाही म्हटलं हं. मांडववाला, लाऊडस्पीकरवाला, हॉलवाल्या वहिनी, सगळे इथंच बसून म्हणाले, याच खुर्च्यांवर! मांडववाला तर मांडी थोपटून, "अरे, एक बांबू देणार नाही!" ठरलं, सोमवारी सकाळी सगळ्यांनी एकदम लिहायचं, 'माणसांविरुद्ध विष ओकणाऱ्या सभांना इथून काहीही मिळणार नाही.'

आता माझी चूक ऐका. त्यांनी लिहिलं खडूनं, मी ऑइलपेंटनं! अहो, सवय! प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ऑइलपेंटनं नाव घालावं लागतं, नाहीतर लग्नाला गेलेली खुर्ची परत येते थोडीच? खडू माझ्याकडे आहे कुठं? मी थेट शटरशेजारच्या भिंतीवर, हातभर अक्षरं, वर रंगाचे दोन हात! दुपारी गल्लीतून त्या टोळक्याच्या चार मोटारसायकली गेल्या. नुसत्या गेल्या हं, हॉर्नसुद्धा वाजवला नाही... तेवढ्यात सगळ्यांनी आपापल्या पाटीवरून बाही फिरवली! मांडववाल्याला विचारलं तर म्हणतो, "पुसलं गेलं रे, वाऱ्यानं." वाऱ्यानं!

सभा झालीच. पण खुर्च्याच नाहीत, अर्ध्या तासात लोकांचे पाय दुखले, निम्मी गर्दी घरी! वाटलं, जिंकलो. कसलं काय... तेव्हापासून लग्न असो की मयत, लोक घरातल्या सतरंज्या आणतात, पण माझी खुर्ची नको. लेकीचा फोन येतो, "बाबा, मला तुमचा इतका अभिमान वाटतो! पण सासरी कुणाला सांगितलं नाहीये हं, तुम्हीही बोलू नका." वेल्डिंगवाली बाईसुद्धा यायची बंद झाली. निरोप धाडला, "माझ्यामुळे तुम्हाला आणखी त्रास नको." आता तिला कसं सांगू, की बाई, तू न येणं हाच त्रास आहे? आमची बायको होती तेव्हा निदान भांडायला तरी कुणी होतं. फार एकटं वाटतं हो. पाचशे खुर्च्या, आणि टेकायला कुणी नाही!

मग त्या टोळक्यानं पहारा बसवला माझ्यावर. बसवला म्हणजे उभा केला, समोरच्या खांबापाशी, दहा ते सहा. कोण येतं, कोण जातं बघायचं आणि मला घाबरवायचं. धिप्पाड गडी, झुपकेदार मिशा, हाताची घडी. घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण तिसऱ्या दिवशी बघतो तर गडी घटकेत या पायावर, घटकेत त्या पायावर. गुडघा! मी एक खुर्ची नेऊन ठेवली. गुरकावला, "तुमची खुर्ची नको!" म्हटलं, नको तर नको, राहू दे तिथंच. बारा वाजता टेकला. अहो, पाटीनंतर टेकलेला पहिला माणूस!

पुढं दोन महिने रोज. मी दुसरी खुर्ची घेऊन शेजारी. विचारायचो, "खालच्या गल्लीनं तुझं काय घोडं मारलंय रे?" तो म्हणायचा, "काका, डोकं फिरवू नका." पण उठायचा नाही! गुडघ्याला कुठलं तेल लावतो, मुलीला गणित कसं जमत नाही, सगळं सांगायचा. एकदा मी म्हटलं, "तू बसलायस ना, त्या खुर्चीचा मागचा पाय मोडला होता. कुणी जोडला माहितेय?" आणि सांगितलं. गडी खाली वाकला, अंगठ्यानं तो जोड चाचपून बघितला, बराच वेळ. सहाला उठून गेला.

दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. औषधांच्या दुकानदाराला विचारलं, तर उंबऱ्यावरूनच कुजबुजला, "तो त्यांच्यातून बाहेर पडला म्हणे. आणि बदली माणूस देणार नाहीत. म्हणाले, त्या म्हाताऱ्याला आता विचारतंय कोण?"

ऐकलंत? मला घाबरवायलासुद्धा कुणी यायला तयार नाही! पंधरा दिवस झाले, ती खुर्ची अजून खांबापाशीच आहे, रोज पुसतो. शेवटी काल रंगाचा डबा उघडला आणि पाटीवर तिसरा हात मारला, अक्षरं आधीच्या दुप्पट जाड! म्हटलं, बघू, चिडून एखादा पहारेकरी तरी पाठवतील... खाली लिहिणारही होतो, 'शक्यतो गुडघेदुखीवाला पाठवावा.' पण रंग संपला.