तळ्यातला बांध

तुम्ही म्हणता बांधाचं भांडण कधी ना कधी मिटतं, तर माझं ऐका. मला बांध-कुंपणांचे फोटो काढायचा नाद. दुष्काळात शिरूर कासारकडं गेलतो. तिथलं तळं पार आटलेलं आणि बुडालेल्या शेतांचे दगडी बांध उघडे पडलेले. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबा, जरा त्या बांधावर उभे राहता का?"

तो राहिला. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तोच दुसरा म्हातारा हातात धोंडा घेऊन पळत आला.

"उतर खाली. बांध माझा हाय. आन तुमी ह्याचा फोटो कावून काढायलाव? पुरावा करायलाव व्हय?"

मी कॅमेरा खाली घेतला. हे तळं माझ्या जन्माआधीचं. दोघांच्याही जमिनी तेव्हाच त्यात गेलेल्या.

"अहो आबा," मी चाचरत म्हणालो, "ही जमीन तर आता सरकारची ना?"

"जमीन सरकारची हाय. बांध कुणाचा, ते सरकारनं सांगायचं न्हाई."

धोंडा अजून हातातच होता. बांधावरच्या म्हाताऱ्यानं मान डोलावली.

"हे मातर बराबर बोलला," तो म्हणाला, आणि बांधावरून काही उतरला नाही.