परसात पुरलेली ताटली

पद्मा नदीच्या घाटावर लाँच यायला उशीर होता. बदकांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या हालिमाच्या पाठीमागे तागवाले दोन म्हातारे गप्पा मारत होते. तिने मान वळवली नाही, कान मात्र तिकडेच होते.

"काय मोतालेबभाई, पोरीचं, पारुलचं लग्न जमलं का?"

"अडलंय. पोरगा कारखान्यात ताटल्या करतो. प्लास्टिकसारख्याच, पण आत आपल्या तागाचे धागे. आपटली तरी फुटत नाही, अन् पुरली की माती होते म्हणे."

"म्हणे?"

"म्हणून तर एक ताटली परसात पुरलीय. कुजली तर पोरगा खरा, नाहीतर थापाड्या. थापाड्याला मी पोरगी देणार नाही."

"अरे, धागा सुटायला भिजत घातलेला ताग जास्त कुजू नये म्हणून जन्मभर छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलास, अन् आता कुजायची वाट बघतोस!"

"हसू नकोस. पारुल रोज संध्याकाळी चोरून तिथं शेणकाला ओतून येते. लवकर कुजावी म्हणून."

"अन् तू गप्प बसतोस? ही तर सरळ लबाडी झाली!"

"बोलू कुठल्या तोंडानं? सकाळचा शेणकाला मीच ओततो."